कॉर्नरबॅक, किक रिटर्नर, पंट रिटर्नर... सगळं एकच पोरगं: अडोरे जॅक्सनची कॉलेजातली तीन वर्षं

माळरान

अमेरिकन फुटबॉल आपल्यातले बरेच जण वर्षातून एकदा, सुपर बोलच्या दिवशी बघतात आणि "काही कळलं नाही बुवा" म्हणून सोडून देतात. मला वाटतं, हा खेळ समजून घ्यायचा तर कॉलेजचे सामने बघावेत, आणि सगळा संघ बघत बसण्यापेक्षा एक खेळाडू धरावा. मी धरला तो अडोरे जॅक्सन. २०१४ ते २०१६ तो लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाकडून, म्हणजे यूएससीकडून खेळला. मूळ काम बचावातल्या कॉर्नरबॅकचं, पण किकऑफ (खेळ सुरू करताना समोरच्याने लाथेने मारलेला चेंडू) परतवायला तोच, पंट (पुढे सरकता आलं नाही की समोरच्याने लांब मारून दिलेला चेंडू) परतवायला तोच, आणि आक्रमणात माणूस कमी पडला की वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, म्हणूनही तोच. वर ट्रॅकच्या मोसमात लांब उडी, आणि ती नावापुरती नव्हे: २०१५ आणि २०१६, दोन्ही वर्षी पॅक-१२ कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांच्या गटात) लांब उडीत तो पहिला आला.

त्याच्याबद्दल लिहिणारे पहिल्या वाक्यात "प्रचंड वेगवान" लिहून मोकळे होतात. वेग होताच, पण कॉलेज फुटबॉलमध्ये वेगवान पोरं पोत्याने मिळतात. माझं म्हणणं वेगळं आहे. कॉर्नरबॅकचं काम आणि किक परतवण्याचं काम ही दोन कौशल्यं नाहीत, एकच आहे. अडोरेकडे ते होतं म्हणून त्याला दोन्ही जमलं.

नवीन वाचकांसाठी थोडं सविस्तर लिहितो. कॉर्नरबॅक मैदानाच्या कडेला रिसीव्हरसमोर उभा असतो. कुठे पळायचं हे रिसीव्हरला ठाऊक असतं, कॉर्नरबॅकला नसतं. त्यामुळे तो सुरुवातच उलट्या पावलांनी करतो, आणि रिसीव्हरने दिशा पकडली की त्याला कंबरेतून वळून त्याच्या खांद्याला खांदा लावून पळावं लागतं. या सगळ्यात चेंडू त्याच्या पाठीमागून येत असतो. कधीतरी मान वळवून तो शोधायचा असतो. मान लवकर वळवली तर रिसीव्हर निसटतो, उशिरा वळवली तर चेंडू डोक्यावरून रिसीव्हरच्या हातात जातो. या अर्ध्या क्षणाच्या अंदाजावर कॉर्नरबॅकची सगळी कारकीर्द उभी असते.

आता पंट परतवणारा बघा. चेंडू हवेत चार-साडेचार सेकंद असतो. त्याला वर बघायचंय, आणि अंगावर येणारी माणसं किती जवळ आली हेही बघायचंय. हवेत असताना चेंडूचं टोक खाली वळलं तर तो लांब जातो, टोक वरच राहिलं तर अलीकडे पडतो. हे ओळखून पाय हलवायचे. टाचा आपल्या १० यार्डांच्या रेषेवर ठेवायच्या आणि चेंडू डोक्यावरून गेला तर हात लावायचा नाही, जाऊ द्यायचा. गेला मागे गोलरेषेपलीकडे, तर टचबॅक (चेंडू तिथेच मृत) होऊन २० यार्डांवरून सुरुवात मिळते. फेअर कॅचचा हात वर करायचा (म्हणजे मी पळणार नाही, मला धडकू नका) की पळायचं, हेही याच चार सेकंदांत ठरवायचं.

म्हणजे दोन्हीकडे नजर दोन ठिकाणी वाटायची आणि नेमक्या वेळी एकीकडे वळवायची. पाय त्यानंतर.

२६ नोव्हेंबर २०१६. नोत्र दाम विरुद्ध यूएससी, लॉस एंजेलिसचं कॉलिझियम. अडोरेने ५५ यार्डांचा पंट परतवून टचडाऊन केला (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेला), ९७ यार्डांचा किकऑफ परतवून टचडाऊन केला, आणि ५२ यार्डांचा पास घेऊन तिसरा. कॉर्नरबॅक म्हणून खेळत होता तो वेगळाच. यूएससी ४५-२७ जिंकली. या सामन्याचं चित्रण मिळालं तर पंटवाला टचडाऊन जरूर बघा. चेंडू हातात आल्यावर तो लगेच सुसाट सुटत नाही. एक पाऊल थांबतो, समोरच्याला जवळ येऊ देतो आणि मग दिशा बदलतो.

त्या मोसमाअखेर त्याला जिम थॉर्प पुरस्कार मिळाला, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला देशातला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह बॅक (पास अडवणारा बचावपटू). यूएससीच्या खेळाडूला हा पुरस्कार याआधी १९८९ मध्ये, मार्क कॅरियरला मिळाला होता.

मंडळींना विचारायचंय ते हे: एका पोरावर इतकं ओझं टाकावं का? माझं उत्तर आहे, परतवण्याचं काम त्याच्याकडे ठेवावं आणि आक्रमणातलं काढून घ्यावं. का, ते चर्चेत लिहितो.

रानजाई

छान लिहिलंय. मला हा खेळ फारसा कळत नाही, पण मुलगा न्यू जर्सीत नववीत आहे आणि यंदा शाळेच्या संघात कॉर्नरबॅक आहे. कोच म्हणतात, "किकसुद्धा तूच परतव." तो खूश आहे, माझी झोप उडालीये. समोरून पूर्ण वेगाने पळत येणारी पोरं आणि हा एकटा. हा प्रश्न मला अभ्यासाचा नाही, घरचा आहे. जाणकारांनी खरं काय ते सांगावं.

भातुकली

माळरानदादा, हे वाचून मला कबड्डीच आठवली. चढाई करणारा एकटा समोरच्या अंगणात जातो आणि पकड करणारे टपून असतात. चांगला अष्टपैलू कबड्डीपटू दोन्ही करतो आणि त्याबद्दल कुणी "ओझं पडतं" म्हणत नाही. मग इथेच का?

माळरान

भातुकली, तुलना मला आवडली आणि एका मर्यादेपर्यंत ती पटतेही. चढाईपटूसुद्धा पायांच्या आधी डोळ्यांनीच खेळतो. फरक पडतो टकरीत. कबड्डीत पकड करणारे जागेवरून झेप घेतात. किकऑफला समोरचे दहा जण ४०-५० यार्ड पळत येऊन पूर्ण वेगात धडकतात, आणि परतवणाराही त्यांच्याकडेच पळत असतो. दोन्ही बाजूंचा वेग एकाच टकरीत येतो. रानजाई ताईंची भीती म्हणूनच रास्त आहे.

उंबरठा

मी इथे बऱ्यापैकी नियमित बघतो. माझं मत माळरान यांच्या नेमकं उलट आहे. परतवण्याचं कामच आधी काढून घ्यावं.

कारण अडोरेच. २० नोव्हेंबर २०२२, एनएफएल म्हणजे व्यावसायिक लीग, न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध डेट्रॉइट लायन्स. तोपर्यंत तो जायंट्सचा पहिल्या क्रमांकाचा कॉर्नरबॅक झाला होता. संघाकडे रिटर्नर धड नव्हते म्हणून कोच ब्रायन डाबोल यांनी त्याला पंटला उभं केलं. एका पंटवर गुडघ्याचा लिगामेंट दुखावला. नियमित मोसमाचे उरलेले सामने हुकले. जायंट्स तो सामना ३१-१८ हरले ते हरलेच. चाहत्यांनी आणि पत्रकारांनी डाबोल यांना धारेवर धरलं आणि माझ्या मते योग्यच धरलं. पुढे जानेवारीत प्लेऑफला तो परत आला आणि मिनेसोटाच्या जस्टिन जेफरसनला, त्या वर्षीच्या सर्वात धोकादायक रिसीव्हरला, ७ कॅचमध्ये ४७ यार्डांवर रोखण्यात त्याचा मोठा वाटा होता. असा माणूस तुम्ही दहा यार्ड मिळवण्यासाठी पणाला लावता?

कॉलेजातही तेच. २ जानेवारी २०१७ चा रोझ बोल, मोसमाअखेरचा मोठा कॉलेज सामना, आठवा. यूएससीने पेन स्टेटला ५२-४९ हरवलं, शेवटच्या क्षणी मॅट बोअरमीस्टरने ४६ यार्डांची फील्ड गोल मारली, इतका रंगलेला सामना. अडोरे मात्र घोटा दुखावल्याने शेवटपर्यंत खेळूच शकला नाही.

माळरान

उंबरठा, २०२२ च्या बाबतीत तुमच्याशी सहमत. पण कारण तपासून बघा. जायंट्सने त्याला उभं केलं ते दुसरं कुणी नव्हतं म्हणून. पंट परतवणं हे त्याचं रोजचं काम उरलेलं नव्हतं. यूएससीत ते रोजचं होतं, आठवडाभर सराव त्याचाच. तीन वर्षांत ४ किकऑफ आणि ४ पंट, असे ८ टचडाऊन त्याने परतवून केले. हा आकडा "दहा यार्ड मिळवण्यासाठी" या हिशोबात बसत नाही. आणि त्याच्या दिशेने किक मारायचीच नाही असं समोरच्या संघाने ठरवलं की किक आखूड किंवा तिरकी पडते. चेंडूला हात न लावताच यूएससीला चांगली जागा मिळते. हा फायदा धावफलकावर दिसत नाही.

आता आक्रमणातलं काम का काढावं ते सांगतो. रिसीव्हर म्हणून खेळणं म्हणजे डावामागून डाव पळणं, बहुतेक वेळा चेंडू न मिळता. पंट आणि किकऑफ मिळून सामन्यात मोजकेच येतात. थकवा पायात जातो आणि कॉर्नरबॅकचं वळणं कंबरेतून आणि पायातून होतं. २०१५ मध्ये त्याला आक्रमणात बरंच वापरलं. २०१६ मध्ये यूएससीचे कोच क्ले हेल्टन यांनी ते बरंचसं थांबवलं, तो बचावाच्या बैठकांना पूर्ण वेळ बसू लागला, आणि त्याच मोसमात त्याने ५ इंटरसेप्शन घेतले, म्हणजे समोरच्याचे पास मधेच झेलले. आधीच्या दोन वर्षांच्या मानाने ही फार मोठी उडी होती. पुरस्कारही त्याच वर्षी आला.

कंदील

थोडा इतिहास घालतो, कारण "अष्टपैलू" म्हणजे काहीतरी नवीन आहे असा सूर लागतोय.

१९५३ ते १९६४ या काळात कॉलेजच्या नियमांत बदली खेळाडूंवर मर्यादा होत्या, त्यामुळे बहुतेक सगळेच आक्रमण आणि बचाव दोन्ही खेळत. १९६५ पासून बदल मोकळे झाले आणि प्रत्येकाचं एकेक काम ठरलं. त्यानंतर जो कुणी दोन-तीन कामं करतो तो उठून दिसतो, कारण व्यवस्थाच त्याच्या विरुद्ध रचलेली आहे.

आणि कॉर्नरबॅकच यात पुन्हा पुन्हा का दिसतात, याचं उत्तर माळरानच्या पहिल्या पोस्टमध्ये आहे असं मलाही वाटतं. फ्लोरिडा स्टेटचा डिऑन सँडर्स, १९८८ चा थॉर्प विजेता. एलएसयूचा (लुइझियाना स्टेटचा) पॅट्रिक पीटरसन, २०१० चा. त्याने एनएफएलच्या पहिल्याच मोसमात, २०११ मध्ये, ४ पंट परतवून टचडाऊन केले. एलएसयूचाच टायरन मॅथ्यू, २०११ मध्ये हाइझमनच्या (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या ट्रॉफीच्या) अंतिम यादीत. लागोपाठच्या दोन सामन्यांत, आर्कान्सा आणि जॉर्जियाविरुद्ध, त्याने पंट परतवून टचडाऊन केले. मॅथ्यूची उंची जेमतेम ५ फूट ९ इंच. चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांआधी कळायचं, तेच त्याचं भांडवल.

आणि या सगळ्यांच्या वर चार्ल्स वुडसन. मिशिगन, १९९७. ओहायो स्टेटविरुद्ध ७८ यार्डांचा पंट परतवून टचडाऊन, त्याच सामन्यात रिसीव्हर म्हणून ३७ यार्डांचा कॅच आणि एंड झोनमध्ये (गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात) इंटरसेप्शन. मिशिगन २०-१४ जिंकलं. त्या वर्षी हाइझमन त्याला मिळाली, आणि दुसरा आला पुढे फार मोठं नाव झालेला पेटन मॅनिंग! मुख्यतः बचाव खेळणाऱ्याला ही ट्रॉफी तोवर कधीच मिळाली नव्हती.

भातुकली

आणि कोलोराडोचा ट्रॅव्हिस हंटर? त्याला २०२४ ची हाइझमन मिळाली ना? तो तर सामनाभर दोन्हीकडे खेळायचा. माळरानदादांचं "आक्रमण काढून घ्या" हे तिथे लागू होतं का?

कंदील

हंटरचा कोच डिऑन सँडर्स होता, हे विसरू नका. ज्याने स्वतः ते केलं त्यानेच त्या पोराला तसं खेळू दिलं. पण हंटरला किक परतवायला जवळजवळ लावलंच नाही. म्हणजे सँडर्सनेही काहीतरी काढून घेतलंच, फक्त माळरानच्या उलट बाजूने. मला हे फार बोलकं वाटतं. तिन्ही कामं पूर्ण मोसम पूर्ण वेळ कुणीच कुणाला दिलेली नाहीत.

माळरान

कंदील, अगदी. आणि कुठलं काढायचं हे पोरगं बघून ठरवायचं, यालाही माझी ना नाही. हंटर मुळातच उत्तम रिसीव्हर होता, त्याचे हात आणि धावण्याचे मार्ग दोन्ही पक्के. अडोरे रिसीव्हर म्हणून कच्चा होता. त्याला छोटा पास देऊन "आता पळ" एवढंच सांगितलं जायचं, म्हणजे तिथेही तो खरं तर रिटर्नरच होता. नोत्र दामविरुद्धचा तो ५२ यार्डांचा टचडाऊन असाच आहे.

उंबरठा

एक गोष्ट मात्र बोललीच पाहिजे. २०१४ ते २०१६ मध्ये हे सगळं तो शिष्यवृत्तीवर करत होता. खेळाडूंनी आपल्या नावावर पैसे मिळवायला परवानगी मिळाली १ जुलै २०२१ ला. अडोरे इलिनॉयमधल्या ईस्ट सेंट लुईस भागातला. बहिणीकडे राहून गार्डीना इथल्या सेरा हायस्कूलमध्ये शिकला. त्याच शाळेतून रॉबर्ट वूड्स आणि मार्किस ली यूएससीत गेले होते. एवढ्या लांब येऊन, चार जणांचं काम करून, प्रत्येक किकला आपला गुडघा पणाला लावायचा आणि कमाई शून्य. तीन वर्षं होताच तो एनएफएलमध्ये गेला (२०१७, टेनेसीने १८ व्या क्रमांकावर निवडला) तेव्हा "अजून एक वर्ष थांबायला हवं होतं" म्हणणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचा मला अजूनही राग येतो. लवकर जा, हेच योग्य होतं.

माळरान

शंभर टक्के. यात वाद नाही.

रानजाई

चर्चा आवडली, पण माझ्या प्रश्नाचं कुणी बघेल का? :) मुलगा रविवारी पुन्हा विचारणार आहे.

कंदील

ताई, मी बघतो. ठोस माहिती सांगतो.

किकऑफ धोकादायक असतो हे आकड्यांत आहे. आयव्ही लीगमध्ये (आठ जुन्या विद्यापीठांच्या गटात) २०१५ साली एकूण डावांपैकी किकऑफ फक्त ६ टक्के होते, पण मेंदूला हादरे बसण्याच्या घटनांपैकी २१ टक्के त्यात झाल्या. २०१६ मध्ये त्यांनी किकऑफची जागा ३५ वरून ४० यार्डांवर नेली आणि टचबॅक २५ वरून २० यार्डांवर आणला. किक जास्त लांब जाऊ लागल्या, परतवण्याचे प्रसंग घटले. दर १००० किकऑफमागे हादऱ्यांचं प्रमाण सुमारे ११ वरून २ वर आलं.

न्यू जर्सीत शाळांचे नियम वेगळे, पण तुमच्या बाजूचे आहेत. शाळेत किकऑफ मुळातच ४० यार्डांवरून होतो आणि चेंडूने गोलरेषा ओलांडली की तो तिथेच मृत धरतात, २० यार्डांवरून सुरुवात. पण नववीच्या पोरांची किक सहसा तेवढी लांब जात नाही, म्हणजे परतवण्याची वेळ येणारच. पंटमध्ये निदान फेअर कॅचचा हक्क नेहमी हाताशी असतो आणि हात वर केल्यावर त्याला कुणी धडकू शकत नाही.

मी असतो तर कोचशी बोलून पंटला हो म्हटलं असतं आणि किकऑफला यंदा तरी नाही. दोन्हींचं मिळून एकच उत्तर द्यायची गरज नाही.

उंबरठा

कंदील यांच्याशी पूर्ण सहमत. आणि ताई, हादरा बसल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. या बाबतीत मुलाचं ऐकायचं नाही, कोचचंही नाही.

रानजाई

मनापासून आभार. हे मला कोचना सांगता येईल, नुसतं "भीती वाटते" म्हणण्यापेक्षा. एक शेवटचं: पंट झेलायचा सराव घरी करून घेता येतो का? नवरा चेंडू उंच फेकू शकतो, लाथेने मारता येत नाही.

माळरान

येतो की, उंच फेकला तरी चालतं. दोन गोष्टी कराव्यात.

पहिली, चेंडू हवेत असताना तुम्ही समोर वीसेक पावलांवर उभं राहून हाताची बोटं दाखवायची, दोन, चार, काहीही. त्याने चेंडू झेलायच्या आधी आकडा मोठ्याने सांगायचा. सुरुवातीला चेंडू सुटेल, सुटू दे. मान न हलवता नुसती नजर खाली आणून पुन्हा वर नेणं जमलं की आकडाही येईल आणि चेंडूही. मग हळूहळू तुम्ही त्याच्याकडे चालत या, नंतर पळत.

दुसरी, प्रत्येक झेलाआधी त्याने "पळणार" की "फेअर" हे ओरडून सांगायचं, आणि एकदा सांगितलं की बदलायचं नाही. खेळात दुखापती बऱ्याचदा मधेच विचार बदलल्याने होतात. हात अर्धवट वर जातो, समोरच्याला कळत नाही, आणि तो येऊन आदळतो.

आणि सराव हेल्मेट घालूनच करायला लावा. हेल्मेटच्या कडेमुळे वरचं कमी दिसतं, मान किती मागे न्यायची ते बदलतं. उघड्या डोक्याने शिकलेला झेल सामन्यात एक पाऊल चुकतो.